मोटारीचें एंजिन आणि मालाची गाडी

धुळ्याहून शिरपूरकडे निघालेल्या प्रवाशाला मुंबई-आग्रा रस्त्यावर शिंदखेडा तालुक्यांतील नरडाणा हें गांव लागतें. सुरतेहून भुसावळास जाणारा तापी खोऱ्याचा लोहमार्गहि याच गांवावरून जातो. सन १९०० च्या सुमारास हा मार्ग अंमळनेरापर्यंत पोंचला आणि खानदेशच्या कापसाला पश्चिम किनाऱ्याकडे जाण्याची एक नवी वाट मिळाली. लोहमार्ग आणि हमरस्ता यांची गांठ जेथें पडते, तेथें तिसऱ्या एका वाहनाची गरज आपोआप उत्पन्न होते. शेताच्या बांधापासून बाजारापर्यंत आणि बाजारापासून मोठ्या रस्त्यापर्यंत माल नेणारें हें वाहन फार अवजड असून चालत नाहीं आणि फार दुबळें असूनहि चालत नाहीं. पूर्वीं हें काम बैलगाडी करीत असे. आतां तें करणाऱ्या लहान मालमोटारीला कोणी पिकअप म्हणतो, कोणी टेंपो म्हणतो, तर कोणी लाडानें छोटा हत्ती म्हणतो.

या लहान गाड्यांचा पूर्वेतिहास शोधूं गेल्यास एक मौजेची गोष्ट हातीं लागते. यांपैकीं कित्येकांच्या एंजिनाचें घराणें ओझें वाहणाऱ्यांचें नाहीं. तें घराणें माणसांना बसून जाण्याच्या मोटारींचें आहे. कांहींचें तर शर्यतीच्या मार्गाशींहि नातें आहे. पुढें यंत्रज्ञांनीं तें एंजिन उचललें आणि मालाच्या गाडींत बसविलें. वरवर पाहतां ही साधी अदलाबदल वाटते. परंतु ती कोठें साधली आणि कोठें अडखळली, हें पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, गाडीचें सामर्थ्य एकट्या एंजिनांत नसतें. तें एंजिनापासून चाकांपर्यंतच्या साऱ्या साखळींत आणि त्या चाकांना थांबविणाऱ्या ब्रेकांत वांटलेलें असतें.

ही साखळी कशी असते तें प्रथम पाहिलें पाहिजे. एंजिनाची शक्ति क्लचमधून गिअरबॉक्समध्यें जाते, तेथून लांब शाफ्टनें मागच्या डिफरन्शियलमध्यें येते आणि शेवटीं चाकांना मिळते. एंजिन वेगानें फिरतें, पण त्याच्या फिरण्यांतला पीळ थोडा असतो. दांतेरी चक्रें हा वेग कमी करतात आणि त्या मोबदल्यांत पीळ वाढवितात. समजा, एंजिन मिनिटास ३००० फेरे घेत आहे आणि पहिल्या गिअरमध्यें सारी साखळी मिळून वेग विसांश करीत आहे. चाकाचे १५० फेरे होतील. चाकाचा घेर दोन मीटर धरला तर गाडी ताशीं १८ किलोमीटर चालेल, आणि घर्षणांत जाणारा भाग वगळतां चाकावरील पीळ वीसपट होईल. तेंच शेवटच्या गिअरमध्यें साखळी वेग चतुर्थांशच करीत असेल तर गाडी ताशीं ९० किलोमीटर धांवेल, पण पीळ चौपटच राहील. वेग आणि ओढ यांचा हा सौदा आहे. दोन्ही एकदम पदरांत पडत नाहींत.

मोटार आणि मालमोटार यांच्यांत दुसराहि एक भेद आहे, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. बसण्याच्या मोटारीला आपली पुरी शक्ति क्षणभरच लागते. कोणाला मागें टाकावयाचें असतें, एखादा चढ चढावयाचा असतो. तेवढें झालें कीं एंजिनाला विसांवा मिळतो. भरलेल्या मालमोटारीला मात्र तीच शक्ति मैलोगणती लावावी लागते. शिरपुराच्या पुढें सातपुड्यांत बिजासनचा घाट चढणारी गाडी उन्हाळ्याच्या दुपारीं मागच्या दहा मिनिटांचा शीण काढण्यास थांबत नाहीं. म्हणून एंजिनाची अश्वशक्ति कागदावर सारखी असली तरी थंड पाण्याची सोय, क्लचचा आकार, आसाची जाडी हीं सारीं वेगळीं लागतात. परक्या गाडीचें एंजिन घेणाऱ्याला हें सर्व नव्यानें मोजावें लागतें.

या अदलाबदलीचें एक जुनें उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. मात्र त्याची ही बाजू फारशी कोणाला ठाऊक नसते. तें उदाहरण म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धांत नांवाजलेल्या विलीस जीपचें चार सिलिंडरांचें एंजिन लष्करासाठीं मुळापासून रचलेलें नव्हतें. अमेरिकेंतील टोलेडो शहरच्या विलीस-ओव्हरलँड कंपनीच्या स्वस्त मोटारींतून तें उतरलें होतें. १९३८ सालीं डेल्मार रूस हे त्या कंपनीचे मुख्य यंत्रज्ञ झाले, तेव्हां त्या एंजिनाची शक्ति ४८ अश्वशक्तीची होती. रूस यांनीं त्याचा आकार वाढविला नाहीं. अंतर्भागांतील एकेक दुबळा अवयव शोधून सुधारला आणि तेंच सव्वादोन लिटरांच्या आंतलें एंजिन ६० अश्वशक्तीपर्यंत नेलें. युद्धानंतर, १९४७ सालीं, याच एंजिनावर चालणारा विलीसचा चौचाकी ओढीचा पिकअप ट्रक अमेरिकेंत बाजारांत आला. घरगुती मोटार, रणांगणावरील जीप आणि शेतकऱ्याचा ट्रक असा तीन जन्मांचा प्रवास एका एंजिनानें दहा वर्षांत केला. हिंदुस्थानांत महिंद्र कंपनीनें मुंबईस जीप जुळविण्याचें काम हातीं घेतलें, त्यामुळें हें घराणें येथेंहि आलें.

याच सुमारास मोठ्या ट्रकांच्या बाबतींत एक निराळी अदलाबदल चालली होती. पीटरबरो येथील पर्किन्स कंपनीचें सहा सिलिंडरांचें 'पी-६' डिझेल एंजिन १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस निघालें. जुन्या ट्रकांतील पेट्रोल एंजिन काढून त्याच्या जागीं बसवितां यावें, हा त्याचा एक मुख्य उपयोग होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांतून पुढें जे डॉज आणि फार्गो ट्रक निघाले, त्यांत हें एंजिन बसत असे. अमेरिकन सांगाडा, इंग्रजी एंजिन आणि हिंदी कारागीर असा तो संसार होता. पेट्रोलपेक्षां डिझेल स्वस्त आणि तें लागतेंहि कमी, हें त्या संसाराचें मुख्य कारण.

१९७३ सालच्या तेलाच्या आणीबाणीनें हेंच कारण लहान गाड्यांनाहि लागू केलें. पेट्रोलवर चालणारी जीप भाड्यानें चालविणें परवडेनासें झालें. महिंद्र कंपनीचा इंटरनॅशनल हार्वेस्टरशीं ट्रॅक्टरांचा संबंध १९६३ पासून होता आणि ती ट्रॅक्टर कंपनी १९७७ सालीं महिंद्रमध्यें विलीन झाली. साहजिकच जीपला प्रथम मिळालें तें ट्रॅक्टरच्या वंशांतील डिझेल एंजिन. तें दणकट होतें, ओढाळ होतें, पण सावकाश फिरणारें आणि धडधडणारें होतें. नांगराच्या मागें ही चाल शोभते. शंभर मैलांच्या रस्त्यावर ती माणसाला आणि गाडीला दोघांनाहि शिणविते.

यावरचा उपाय फ्रान्समधून आला. प्यूजो कंपनीचें 'एक्सडीपी ४.९०' हें डिझेल एंजिन परवान्यानें येथें तयार होऊं लागलें. नांवांतच त्याचें वर्णन आहे: सिलिंडर ४ आणि प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. हें एंजिन ज्या घराण्यांतलें, तें प्यूजोच्या ४०४ आणि ५०४ या बसण्याच्या मोटारींचें घराणें. १९६५ सालीं पॅरिसजवळील मोंलेरी येथील वर्तुळाकार मार्गावर याच घराण्यांतील डिझेल एंजिन बसविलेल्या एका एकआसनी ४०४ मोटारीनें दीर्घ पल्ल्याच्या वेगाचे चाळीस विक्रम केले होते. महिंद्रचा एंजिनांचा कारखाना उभा राहिला इगतपुरीस, आणि जीपा व पुढें बोलेरो जुळविण्याचा कारखाना नाशिकास. हीं दोन्ही गांवें मुंबई-आग्रा रस्त्यावरचींच. ज्या रस्त्यानें हीं एंजिनें नाशिकास गेलीं, त्याच रस्त्यानें तीं पुढें चांदवड, मालेगांव, धुळें ओलांडून खानदेशांत आलीं. २००० सालीं निघालेल्या पहिल्या बोलेरो गाड्यांतहि प्यूजोच्याच वंशाचें एंजिन होतें. काळ्या-पिवळ्या रंगाच्या ज्या जीपांनीं खेड्यांतील माणसें आणि त्यांचीं गाठोडीं वर्षानुवर्षें वाहिलीं, त्यांच्यापैकीं कित्येकींच्या पोटांत फ्रेंच मोटारीचें एंजिन धडधडत होतें.

पुण्याकडे याच काळांत असाच दुसरा प्रयोग चालला होता. अहमदनगरचे नवलमल फिरोदिया यांनीं जर्मनींतील विडाल कंपनीच्या सहकार्यानें १९५८ सालीं बजाज टेंपो ही कंपनी काढली आणि हॅन्सिएट नांवाची तीनचाकी मालगाडी बाजारांत आणली. ती गाडी गेली. पण 'टेंपो' हें तिचें व्यापारी नांव मराठींत सामान्यनाम होऊन बसलें. या कंपनीनें पुढें मर्सिडीज-बेंझचें 'ओएम ६१६' हें २.४ लिटरांचें डिझेल एंजिन परवान्यानें बनविण्यास घेतलें. १९७३ पासून मर्सिडीजच्या २४० डी या मोटारींत तें बसत असे, आणि ती मोटार युरोपांत टॅक्सी म्हणून फार चाले. टॅक्सी ही बसण्याची मोटार खरी, पण तिचें आयुष्य मालमोटारीसारखेंच कष्टाचें असतें. म्हणूनच हें एंजिन ओझ्याच्या गाडीला चांगलें मानवलें. जर्मनींत १९७७ पासून त्याच कंपनीच्या मालवाहू व्हॅनमध्यें तें चाललें. इकडे टेंपो ट्रॅव्हलर आणि ट्रॅक्स या गाड्यांत चाललें. श्रीमंतांच्या मोटारीचें नांव घेऊन हें एंजिन लग्नाचीं वऱ्हाडें आणि भाजीच्या पाट्या वाहूं लागलें.

आतांपर्यंतच्या उदाहरणांत एंजिन सबंध उचललें गेलें. पुण्याच्याच टाटा मोटर्सनें त्याहून धाडसी गोष्ट केली. १९९८ सालीं या कंपनीनें इंडिका ही मोटार लोकांपुढें आणली. तिच्या डिझेल एंजिनांत चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ७५ मिलिमीटर, एकूण आकारमान १४०५ घनसेंटिमीटर. पुढें मोठा ट्रक आणि तीनचाकी टेंपो यांच्यामधील पोकळी भरणारी एक छोटी चारचाकी मालमोटार काढण्याचें ठरलें. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील मंडळींपुढें प्रश्न होता तो किंमतीचा. अगदीं नवें एंजिन रचण्यास खर्च फार. इंडिकाचें एंजिन सबंध घालावें तर गाडी महाग. तेव्हां त्या एंजिनाच्या रचनेचें अर्धें रूप घेण्यांत आलें. चारांऐवजीं दोन सिलिंडर, व्यास तोच ७५ मिलिमीटर, आकारमान ७०२ घनसेंटिमीटर आणि शक्ति अवघी १६ अश्वशक्ति. २००५ सालच्या मे महिन्यांत ही गाडी 'एस' या नांवानें बाहेर पडली, आणि लोकांनीं तिचें नांव छोटा हत्ती ठेवलें.

येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, एंजिन अर्धें केलें तरी बाकीची साखळी इंडिकाची ठेवली नाहीं. इंडिकाचें एंजिन आडवें बसविलेलें असून तें पुढचीं चाकें फिरवी. छोट्या हत्तीचें एंजिन शाफ्टच्या द्वारें मागचीं चाकें फिरवितें, कारण माल मागें असतो आणि ज्या चाकांवर भार असतो त्यांचीच रस्त्यावर पकड चांगली बसते. मागें पाट्यांच्या कमानी आल्या, दांतेरी चक्रांचें प्रमाण ओझ्याला अनुसरून ठरविलें गेलें. त्यामुळें १६ अश्वशक्तीची ही गाडी पाऊण टन माल घेऊन निघूं शकली. तिचा वेग थोडा. पण ज्याला पहाटे भाजी बाजारांत पोंचवावयाची आहे त्याचें काम तिनें केलें, आणि ज्याला मोठा ट्रक घेणें कधीं शक्य नव्हतें असा माणूस तिच्यामुळें गाडीचा मालक झाला.

याच्या अगदीं उलट टोंकाचें उदाहरण अमेरिकेंत सांपडतें. क्राय्सलर कंपनीनें १९९२ सालीं डॉज वाइपर ही वेगाच्या शौकिनांची मोटार काढली. तिच्यांत दहा सिलिंडरांचें ८ लिटरांचें एंजिन होतें. गंमत अशी कीं, या एंजिनाची मूळ कल्पना ट्रकासाठीं योजलेल्या दहा सिलिंडरी एंजिनाची होती. त्या वेळीं क्राय्सलरच्या मालकींत असलेल्या इटालियन लँबोर्गिनी कंपनीच्या यंत्रज्ञांनीं तें ॲल्युमिनियममध्यें ओतून हलकें करण्यास हातभार लावला. पुढें २००४ सालीं हेंच एंजिन, ८.३ लिटरांचें आणि ५०० अश्वशक्तीचें होऊन, आपल्या सहा गिअरांच्या गिअरबॉक्ससह राम एसआरटी-१० नांवाच्या पिकअप ट्रकांत बसविलें गेलें. ट्रकाच्या कल्पनेंतून निघून स्पोर्ट्स कारमध्यें गेलेलें एंजिन पुन्हां ट्रकांत परत आलें. त्या वर्षीं फेब्रुवारींत या ट्रकानें ताशीं सुमारें २४९ किलोमीटरांचा वेग गांठून पिकअप ट्रकांचा विक्रम केला.

परंतु दुसऱ्याच वर्षीं, ओढकामाच्याहि उपयोगी पडावी अशी चार दरवाजांची आवृत्ति काढतांना कंपनीनें एंजिन तेंच ठेवलें आणि वाइपरचा हातानें बदलावयाचा गिअरबॉक्स काढून टाकला. त्याच्या जागीं जड ट्रकांचा स्वयंचलित गिअरबॉक्स आला. पांचशें अश्वशक्ति असूनहि, मागें ओझें जोडण्याचा प्रश्न येतांच मधली साखळी बदलावी लागली. पुण्याच्या सोळा अश्वशक्तीच्या गाडीला जो नियम लागू पडला, तोच मिशिगनच्या पांचशें अश्वशक्तीच्या गाडीलाहि लागू पडला.

कारखान्यांनीं केलेल्या या अदलाबदलींबरोबरच रस्त्याच्या कडेच्या गॅरेजांतूनहि तशीच अदलाबदल फार वर्षें चालत आली. महागड्या पेट्रोल एंजिनाच्या जागीं डिझेल एंजिन, गेलेल्या एंजिनाच्या जागीं भंगारांतून आणलेलें दुसरें, अशीं कामें हिंदुस्थानांतील मिस्त्रींनीं कमालीच्या कौशल्यानें केलीं. चेन-कप्पीनें एंजिन उचलावें, पट्ट्या जोडून त्याला नवें बैठण करून द्यावें, शाफ्ट कापून आंखूड करावा किंवा तुकडा जोडून लांब करावा, आणि संध्याकाळीं गाडी रस्त्यावर यावी. या हातांच्या हुशारीविषयीं शंका नाहीं. प्रश्न आहे तो या कामांत न मोजल्या गेलेल्या गोष्टींचा.

त्यांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ब्रेक. गाडीचा वेग दीडपट झाला तर ती थांबविण्यासाठीं जिरवावी लागणारी शक्ति दीडपट होत नाहीं, सव्वादोनपट होते. ताशीं ४० किलोमीटरांसाठीं बनविलेला ब्रेक ताशीं ६० ला पुरत नाहीं, आणि त्यांत ओझें वाढलें तर घाट उतरतांना तो तापून निकामी होतो. ज्या घाटाचा वर उल्लेख आला, त्याच्या पायथ्याशीं असलेल्या पळासनेरजवळ जुलै २०२३ मध्यें ब्रेक निकामी झालेला एक अवजड ट्रक वाहनांना धडकून रस्त्याकडेच्या हॉटेलांत घुसला आणि निदान दहा माणसें प्राणांस मुकलीं. त्या अपघाताचा एंजिनाच्या अदलाबदलीशीं संबंध जोडण्याचें कारण नाहीं. पण त्या रस्त्यावर ब्रेक जाणें म्हणजे काय, हें त्या दिवशीं साऱ्यांनीं पाहिलें. एंजिन कमजोर असेल तर गाडी चढावर थांबते आणि भाड्याचें नुकसान होतें. ब्रेक कमजोर असेल तर गाडी थांबतच नाहीं.

कायद्याची भूमिका याच विचारावर उभी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें, उत्पादकानें ठरविलेल्या आणि नोंदणीपत्रांत लिहिलेल्या तपशिलाशीं विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडींत करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मधील निर्णयांत हाच अर्थ स्पष्ट केला. निराळ्या इंधनावर किंवा विजेवर गाडी चालविण्यासाठीं मान्यताप्राप्त संच बसविण्यास मात्र ठराविक अटींवर मुभा आहे. नोंदणीपत्रावर एंजिनाचा क्रमांक असतो तो केवळ चोरी पकडण्यासाठीं नव्हे. अमुक सांगाडा, अमुक एंजिन आणि अमुक ब्रेक यांचें नातें कोणीतरी तपासून पाहिलें आहे, याची ती खूण असते. कित्येक मिस्त्रींना हा नियम आपल्या विद्येवरील अविश्वास वाटतो. त्यांची ही खंत अगदींच निराधार नाहीं. डेल्मार रूस यांनीं केलें तेंहि मुळांत जुन्या एंजिनाच्या दुरुस्तीचेंच काम होतें. भेद इतकाच कीं, रूस यांच्याजवळ एंजिन तासन् तास पुऱ्या वेगानें चालवून तें कोठें तुटतें हें पाहण्याची सोय होती. गॅरेजच्या दारांत ही परीक्षा होत नाहीं. ती घाटांत होते, आणि तिथें गाडींत माणसें बसलेलीं असतात.

पुढच्या काळांत या गाड्यांतून एंजिनच जाईल आणि विजेची मोटर येईल, अशीं चिन्हें दिसत आहेत. छोट्या हत्तीचीहि विजेवर चालणारी आवृत्ति २०२२ सालीं जाहीर झाली. विजेच्या मोटरला आरंभापासूनच भरपूर पीळ असतो, त्यामुळें अनेक गिअरांची जरूर तिला भासत नाहीं आणि साखळी पुष्कळ आंखूड होते. तरीहि ओझें तेंच राहणार, सातपुड्याचा उतार तोच राहणार, आणि त्या उतारावर गाडी आवरण्याचा हिशेब कोणाला तरी करावाच लागणार. नरडाण्याहून माल भरून निघणारा गाडीवान आपल्या एंजिनाचा वंश फ्रेंच कीं जर्मन हें विचारीत नाहीं. आपण भरलेला भार ही गाडी ओढील काय आणि वेळ आल्यास थांबवील काय, एवढेंच त्याला हवें असतें. आणि या दोन प्रश्नांचीं उत्तरें एकाच माणसानें, एकाच वेळीं दिलेलीं असलीं म्हणजेच तो सुखरूप घरीं पोंचतो.